सल काढायची करवत

२०२४ च्या एप्रिलात, उन्हाळी परीक्षांची धामधूम सुरू असताना, आम्ही दोघे भाऊ एका करवतीच्या खरेदीवरून जवळजवळ तीन आठवडे एकमेकांशी धड बोललो नाही. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. थोरला अमरावतीत, धाकटा अकोल्यात. करवत म्हणजे सुताराची नव्हे. पेट्रोलवर चालणारी, जिला दुकानदार चेनसॉ म्हणतात आणि आमच्याकडची माणसे कटर मशीन. महागडी 'प्रोफेशनल' घ्यावी की स्वस्तातली, एवढाच प्रश्न होता. हे टिपण दोघांनी मिळून लिहिले आहे, म्हणून त्यात 'आम्ही' आहे. जिथे आमचे पटले नाही तिथे थोरला आणि धाकटा असे वेगळे उल्लेख करणे भाग पडले.

मोर्शी तालुक्यात आमचा अडीच एकरांचा संत्र्याचा बगीचा आहे. बाबांनी १९९९ साली शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतून जंबेरी खुंटावरची कलमे आणून अठरा बाय अठरा फुटांवर लावली, सव्वातीनशेच्या आसपास. या बगीच्यावर आमची शिक्षणे झाली, बहिणीचे लग्न झाले. पुढे वरूड-मोर्शी पट्ट्यात जे सर्वांचे झाले तेच आमचे झाले. जमिनीत मुरते त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे उपसले गेले, बोअर खोल खोल जात राहिले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात बगीचेच्या बगीचे उभे वाळले. आमची साठेक झाडे त्या एका उन्हाळ्यात गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यांत उलटेच झाले. काळ्या जमिनीत पाणी तुंबून राहिले आणि डिंक्याने उरलेल्यांपैकी कितीतरी झाडांची खोडे बुंध्यापासून सडवली. इकडे बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क चढवत नेल्यामुळे भावही बसला. २०२४ च्या फेब्रुवारीत बाबांनी वाळलेल्या झाडांना चुन्याच्या खुणा करून मोजदाद केली तेव्हा आकडा निघाला ११७.

ही झाडे एका बाजूला नव्हती. चार जिवंत झाडांमध्ये एक मेलेले, कुठे ओळीने तीन, कुठे कोपऱ्यात दोन. म्हणून जेसीबी लावता येईना. त्याने शेजारच्या जिवंत झाडांची मुळे उखडली असती आणि ठिबकच्या नळ्यांचीही वाट लागली असती. लाकडाचा व्यापारी आला, त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि पूर्ण बगीचा द्या, दोन दिवसांत साफ करून देतो, असे सांगून गेला. निवडक झाडांसाठी त्याला सवड नव्हती. कुऱ्हाडीने तोडायला मजूर मिळत नव्हते आणि मिळाले तरी संत्र्याचे वाळलेले लाकूड दगडासारखे असते. कायद्याची अडचण तेवढी नव्हती. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडे आहेत, संत्रा नाही. राहता राहिली करवत.

थोरल्याने अमरावतीत एका दुकानात चौकशी केली. तिथल्या विक्रेत्याने त्याच्यासमोर तीन यंत्रे ठेवली. एक ऑनलाइन मिळते तसले स्वस्त यंत्र, सात हजारांच्या आत. दुसरे नामांकित परदेशी कंपनीचे पण लहान, अठरा-एकोणीस हजारांचे. तिसरे त्याच कंपनीचे प्रोफेशनल, पन्नास हजारांच्या वर. गंमत अशी की आकडे पाहिले तर सर्वांत स्वस्त यंत्रच सर्वांत दांडगे दिसत होते. अठ्ठावन्न सीसीचे इंजिन, बावीस इंची बार. प्रोफेशनलचे इंजिन पन्नास सीसीचे. धाकट्याचा मुद्दा हाच होता, की इंजिन मोठे, बार लांब आणि पैसे सातव्या हिश्शाने, मग खल कसला करायचा?

खल करण्याजोगे बरेच होते, हे आम्हांला हळूहळू कळले. प्रोफेशनल यंत्रात इंजिनाचे घर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते, त्यामुळे ते हलके असूनही तापले तरी आकार सोडत नाही. स्वस्तात बहुतेक आवरण प्लॅस्टिकचे. प्रोफेशनलच्या मुठी इंजिनापासून स्प्रिंगांनी सुट्या ठेवलेल्या असतात, कारण वर्षानुवर्षे ते कंपन अंगावर घेणाऱ्या लाकूडतोड्यांची बोटे रक्तपुरवठा आटून पांढरी पडतात. बारला तेल पुरवणारा पंप तिथे कमी-जास्त करता येतो. बारची लांबी ही तर निव्वळ भूल होती. आमच्या झाडांची खोडे फार तर एका विताची. त्यांना बावीस इंची बार म्हणजे कांदा चिरायला कोयता. शिवाय बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग फांदीत अडकला की यंत्र क्षणार्धात उलटे उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. संत्र्याचे झाड जमिनीपासून हातभर उंचीवर फुटलेले, फांद्यांची नुसती जाळी. तिथे लांब टोक कुठेतरी अडकणारच. अशा उसळीसाठी पुढच्या मुठीसमोर एक ब्रेक असतो, आणि चांगल्या यंत्रात तो झटक्यासरशी आपोआप लागतो.

हे सगळे ऐकून थोरल्याचे मत पक्के झाले. घ्यायची तर प्रोफेशनल. पन्नास हजारांचे अर्धे-अर्धे.

इथे थोडे घरगुती सांगावे लागेल. थोरला २००६ पासून कायम नोकरीत आहे. धाकटा सेट उत्तीर्ण, पीएच.डी., आणि चौदा वर्षांपासून तासिका तत्त्वावर. तो तितकेच शिकवतो, कदाचित बरे शिकवतो, पण उन्हाळ्यात त्याला काही मिळत नाही, आणि दरवर्षी नव्या सत्रात मुलाखतीला बसावे लागते. एप्रिलात त्याच्याकडून पंचवीस हजार मागणे हा अविचार होता, आणि थोरल्याच्या तो ध्यानातही आला नाही. त्यातच अकोल्याच्या एका विक्रेत्याने धाकट्याला स्वस्त यंत्राविषयी सांगितले, "सर, हे घ्या, वापरा अन् फेका. दोन सिझन काढले तं लय झालं." हे वाक्य धाकट्याला लागले. त्याने रात्री फोन करून थोरल्याला सुनावले, की स्वस्त वस्तू ही वापरून फेकण्यासाठीच असते हे कायम नोकरीतल्या माणसाचे तत्त्वज्ञान आहे. कमी पैशांत जास्त राबणारे यंत्र वाईट असेलच असे नाही. आणि आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांत निम्मे वर्ग कोणत्या यंत्रांवर चालतात ते एकदा मोजून पाहा. थोरल्याने, तू यंत्राविषयी बोलतो आहेस की स्वतःविषयी, असे विचारले. विचारायला नको होते. बोलणे बंद झाले ते इथे.

त्या अबोल्यात आम्ही, आपापल्या गावी बसून, करवतीविषयी वाचत राहिलो. मास्तरांची ही खोडच असते. भांडण संदर्भसूचीपर्यंत गेल्याखेरीज आमचे समाधान होत नाही. आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये जर्मनीत विजेवर चालणारी, दोघांनी मिळून पेलायची साखळीकरवत काढली. एकट्या माणसाला वापरता येईल अशी त्याच्या कंपनीची पेट्रोल करवत यायला १९५० उजाडले, आणि तीही सोळा किलोंची होती. स्वीडनची हुस्कवार्ना ही दुसरी मोठी कंपनी १६८९ साली बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाली. करवतीवर ती १९५९ मध्ये वळली. आपल्याकडे सुतार त्याच्या पटाशी-रंध्याला हत्यारेच म्हणतो, तेव्हा याचे नवल वाटायला नको. 'करवत' हा आपला शब्द संस्कृत 'करपत्रा'वरून आला, हाताचे पान. 'क्रकच' असाही एक शब्द आहे, त्यात तर दातांचा आवाजच ऐकू येतो. आईच्या लुगड्याचा काठ करवती होता, त्यावरून आम्ही लहानपणी बोट फिरवत असू. काशीकरवत घेणाऱ्यांच्या कथा आजीने सांगितलेल्या. एवढे सगळे भाषेत असूनही नांगर, तिफण, वखर यांच्याविषयी आपले साहित्य जेवढे बोलते तेवढे तोडण्याच्या औजाराविषयी बोलत नाही. विठ्ठल वाघांची 'तिफण' वऱ्हाडात कुणाला ठाऊक नाही? पण ती पेरण्याची कविता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तेवढी आहे. आणि नव्या करवतीत लाकडाचा कणही नसल्यामुळे तीही आता लागू पडत नाही.

आम्हां दोघांनाही वाचताना थबकवले ते मात्र एका अळीने. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे सरळ होते. ते लाकूड कापण्याऐवजी खरवडत आणि वारंवार बोथट होत. १९४६ साली अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत असताना त्याला ओंडक्यात एका भुंग्याची अळी दिसली. ती आडव्या-उभ्या रेषांची फिकीर न करता लाकडातून सरळ वाट काढत होती. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, आणि ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चावा घेत होती. कॉक्सने तसेच आळीपाळीने डाव्या-उजव्या वळणाचे दात पोलादात घडवले आणि १९४७ मध्ये त्या साखळीची कंपनी काढली. आज पन्नास हजारांच्या करवतीवर असो की सात हजारांच्या, साखळी त्याच अळीच्या जबड्याची असते. आणि आमच्या बाबांचे निम्मे आयुष्य संत्र्याची साल खाणाऱ्या अळीशी लढण्यात गेलेले. खोडावर भुशाची जाळी दिसली की ते तार घालून छिद्र साफ करीत, आत रॉकेलचा बोळा कोंबीत आणि वरून माती थापीत. रोज संध्याकाळी हाताला तो वास. हा योगायोग थोरल्याने धाकट्याला कळवला, धाकट्याने तो आपल्यालाही सापडल्याचे कळवले, आणि बोलणे पुन्हा सुरू झाले.

तरीही निर्णय झाला तो बाबांच्या एका वाक्याने. आम्ही दोघे रविवारी मोर्शीला गेलो. थोरल्याने मोबाइलवर प्रोफेशनल यंत्राचे चित्र दाखवून हे पंधरा-वीस वर्षे टिकेल म्हणून सांगितले. बाबांनी चित्र पाहिले, फोन परत दिला आणि विचारले, "येवढी मजबूत मशीन कायले पायजे रे? सारा बगीचा कापाचा हाये का?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हते. आम्ही तीन आठवडे अश्वशक्ती, वजन, ब्रेक आणि पैसे यांवर भांडलो. पण पंधरा वर्षे टिकणारी करवत घेणे म्हणजे पंधरा वर्षे तोडायला झाडे लागणार हे आधीच गृहीत धरणे, हे आम्हां दोन एम.ए. झालेल्यांना सुचले नव्हते. दोन सिझनचे यंत्र घ्यावे म्हणजे दोन सिझनांत मरण संपेल, असा काही त्यामागे हिशेब मांडता येत नाही, हे खरे. पण बाबांना तो मांडायचा होता. स्वस्त यंत्र आले.

ते चार दिवस चालले. पहिल्या दिवशी तेवीस झाडे पडली आणि धाकटा खुशीत होता. पेट्रोलात ऑइल मिसळण्याचे प्रमाण, चेनचा ताण, सगळे त्याने पुस्तिकेबरहुकूम केले होते. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की बारला तेल नीट जात नाही. बार निळा पडू लागला. तिसऱ्या दिवशी चूक आमचीच झाली. बुंधा जमिनीलगत कापण्याच्या नादात चेन मातीला टेकली. मातीचा एक स्पर्श म्हणजे सगळी धार गेली. त्यात बाबांनी वर्षानुवर्षे खोडांना लावलेली बोर्डोपेस्ट. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, दहा लिटर पाणी. तिचे थरावर थर वाळून कवच झालेले. कापताना भुशात हिरवट-निळी पूड उडे. बाबा तिथे बसून ती पाहत होते, काही बोलत नव्हते.

चौथ्या दिवशी बारचे टोक आतल्या फांदीत गेले आणि यंत्र उसळले. ब्रेकचा दांडा जागच्या जागी राहिला. चेन सुटली आणि धाकट्याच्या पँटला मांडीवर वीतभर चीर पाडून खाली पडली. कातडीला नुसता ओरखडा आला. लाकूडतोड्यांसाठी खास पँट मिळते, तिच्या अस्तरातले लांब धागे चेनमध्ये गुंतून तिला जागीच थांबवतात, हे आम्ही दोघांनीही त्या तीन आठवड्यांत वाचले होते. दोघांपैकी एकानेही ती घेतली नव्हती. प्रोफेशनल यंत्रासाठी हट्ट धरणाऱ्या थोरल्यानेही नाही. कपडे हा आम्हांला खर्चातला भागच वाटला नव्हता.

त्यानंतर परतवाड्याहून एकाला बोलावले. परतवाडा म्हणजे सागवानाचा बाजार. मेळघाटचे लाकूड तिथल्या डेपोत येते, आणि करवत चालवून पोट भरणारी माणसे तिथे आहेत. हा गृहस्थ पन्नाशीचा, डोक्यावर जाळीचे हेल्मेट, पायांत जाड बूट. त्याचे यंत्र प्रोफेशनल होते, इतके वापरलेले की त्यावरचे नाव पुसून गेलेले. दर दोन टाक्यांमागे तो सावलीत बसून गोल कानशीने एकेका दाताला दोन-तीन घासे देई. डावे दात आधी, मग उजवे. अडीच दिवसांत त्याने उरलेली सगळी झाडे निजवली, आणि जिवंत झाडाची एक फांदीही मोडली नाही. आमचे पडलेले यंत्र त्याने उलटसुलट करून पाहिले. त्याने त्याला नावे ठेवली नाहीत, याचे आम्हांला आश्चर्य वाटले. तेलाची नळी बदला, चालेल म्हणाला; पण ब्रेकचे काही खरे नाही, माणसाच्या हाती देऊ नका.

मग आता कोणते घ्यावे, असे थोरल्याने विचारले. तुमचेच यंत्र का? तो हसला. "सर, मी रोज चालवतो, म्हनून मले हे परवडते. तुमी वर्सातून आठ दिवस काढसान. तुमचं पेट्रोलच टाकीत बसून बसून कार्बोरेटर खाईन." आणि बगीच्याकडे हात करून म्हणाला, "काम केवढं हाये थे पाहा. झाडं तं झाली कापून. आता तुमाले सल काढाची हाये."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्याकडे संत्र्याच्या झाडावरच्या वाळलेल्या काड्या-फांद्यांना सल म्हणतात. फळे उतरली की दरवर्षी सल काढतात, हिरव्या भागाचा थोडा अंश घेऊन कापतात आणि कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावतात. तसे केले नाही तर सल आत आत उतरत जाते आणि झाड वरून खाली मरत येते. मराठीच्या प्राध्यापकांना 'सल' म्हटल्यावर काय आठवेल ते सांगायला नको. मनातला सल पुल्लिंगी, झाडावरची सल स्त्रीलिंगी. वर्गात आम्ही दोघांनीही हा शब्द शेकडो वेळा फळ्यावर लिहिला असेल, पण त्याचे दुसरे लिंग आपल्या घरी वावरात पडलेले आहे हे कधी ध्यानात घेतले नव्हते.

या कामासाठी मधले यंत्र घेतले. नामांकित कंपनीचे, लहान, तीस-बत्तीस सीसीचे, चौदा इंची बारचे, चार किलोंच्या आसपास. ब्रेक झटक्यानेही लागतो, हे दुकानातच दोनदा करून पाहिले. प्रोफेशनल म्हणून विकले जात नाही, वापरून फेकायचेही नाही. थोरल्याने पैसे दिले, आणि यावेळी अर्धे-अर्धे हा शब्द काढला नाही. धाकट्याने पँट आणि हातमोजे आपल्या पैशांनी घेतले. पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते म्हणून काम झाले की टाकी रिकामी करायची, बंद पडेपर्यंत इंजिन चालवायचे आणि मगच ठेवायचे, हे दोघांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे. पुढच्या फेब्रुवारीत बाबांनी पुन्हा चुन्याच्या खुणा केल्या. नवी वाळलेली झाडे नऊ निघाली.

त्याआधीची, २०२४ ची खंडेनवमी. बाबांनी दरवर्षीप्रमाणे विळे, खुरपी, कलमाची कात्री, फवारणीचा पंप ओट्यावर मांडले आणि नवी करवत मागवली. पूजेला ठेवण्याआधी तिची चेन काढायला लावली. थोरल्याने नट सैल करून चेन काढली आणि तेलाच्या डब्यात बुडवून ठेवली. बाबांनी यंत्राच्या पाठीवर हळद-कुंकू लावले, फूल ठेवले, आणि ओट्यावरची हत्यारे बोटाने मोजली.

"दुसरी मशीन काहून नाई आनली?"

धाकटा उठला आणि गोठ्यातून ती घेऊन आला. तिची चेन आधीच निघालेली होती.